ताटाऐवजी वाडगा

धाकटीला स्वयंपाकाचा तिटकारा होता, आणि तिने तो कधी लपवून ठेवला नव्हता. भांडी घासायला सांगा, बाजारातून जड पिशव्या आणायला सांगा, जळमटं काढायला, नळ दुरुस्त करायला सांगा. ती कशालाच नाही म्हणायची नाही. पण विस्तवासमोर उभं राहून काहीतरी ढवळत बसायचं म्हटलं की तिचं अंगच आखडायचं.

त्याला कारणही होतं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या यंत्रावर कामाला होती. हे यंत्र म्हणजे वाफेनं तापलेला, माणसाच्या उंचीपेक्षा लांब असा रूळ. एका बाजूनं ओली चादर दोघींनी मिळून ताणून आत सोडायची आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी, कडक होऊन आली की तिची घडी घालायची. दिवसभर तोंडावर वाफ, मनगटांवर डाग, आणि संध्याकाळपर्यंत पायांचे पार तुकडे पडलेले. अशा माणसानं घरी येऊन पुन्हा आचेसमोर उभं राहावं ही अपेक्षाच चुकीची, असं तिचं म्हणणं. आणि त्या म्हणण्याला घरात कोणी आव्हान दिलं नव्हतं, कारण घरात दुसरी होती ती थोरली.

थोरली तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. खिडकीशी शिलाई मशीन मांडून ती गल्लीतल्या लोकांच्या पॅंट आखूड करायची, चेन बदलायची, सैल झालेले कपडे अंगाबरोबर करून द्यायची. आई गेली तेव्हा दोघी कळत्या वयाच्या पण कोवळ्याच होत्या. पहिल्याच आठवड्यात धाकटीनं भात करायला घेतला आणि तळाला लावला. वडील एक अक्षर बोलले नाहीत. ताटावरून उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकटीला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. थोरलीनं तेव्हा तिच्या हातातला डाव काढून घेतला होता. "तू हो बाजूला. मी बघते."

मग ती बघतच राहिली. वडील गेले, लग्नं करायची राहून गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटी कामावरून आली की गरम ताट पुढ्यात यायचं. धाकटी जेवायची, कधी मीठ कमी असल्याचं सांगायची, भांडी घासायची आणि पाय उशीवर ठेवून आडवी व्हायची. घर म्हणजे असंच असतं, असं तिला वाटत होतं.

मग थोरलीच्या पोटात गाठ निघाली.

गाठ साधी होती, पण ती काढायला पोट चांगलंच उघडावं लागलं. थोरली घरी आली ती निम्मी होऊन. गाऊन खांद्यावरून ओघळायचा. टाके वरच्या बाजूला सुकले, पण खालच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी जखम मिटायचं नाव घेईना. ती रोज ओलसर असायची. दिवसाआड एक नर्स घरी येऊन पट्टी बदलायची. तिचं बोलणं तुटक आणि चालणं घाईचं. खांद्यावर एवढी मोठी पिशवी की एका बाजूनं ती कायमची कलल्यासारखी वाटायची.

धाकटीनं आपल्या परीनं सोय लावली होती. लाँड्रीच्या कोपऱ्यावरच्या खानावळीतून ती डबा आणायची. त्यावर बोटभर तेल तरंगत असायचं. थोरली दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मग धाकटीनं पाकिटातलं सूप पाण्यात ढवळून द्यायला सुरुवात केली. सकाळी चहा आणि पाव, दुपारी शेजारीण कधी पेज द्यायची ती, रात्री सूप. ती स्वतः काय खायची याचा तर काही धरबंधच नव्हता. चहा, बिस्किटं, पुन्हा चहा. यंत्रासमोर एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा तिच्या जोडीदारणीनं चादर एकटीनं सावरली आणि तिला पाणी दिलं. धाकटीनं ते घरी सांगितलं नाही.

एका दुपारी नर्सनं जखम पाहिली, थोरलीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि धाकटीकडे वळली.

"या जेवतात काय?"

धाकटीनं सांगितलं.

"म्हणजे पाणी आणि पीठ," नर्स म्हणाली. "अहो, जखम भरायची म्हणजे आतून नवं मांस यायला हवं. ते कशाचं येणार? प्रथिनं कुठायत यात? अंडं, दूध, डाळ, मासा, काहीतरी?"

एवढं बोलल्यावर धाकटीचा बांध फुटला. यंत्रावर उभं राहणं, दवाखान्याच्या खेपा, रात्रीची अर्धवट झोप, सगळं एकदमच वर आलं.

"मला स्वयंपाक येत नाही," ती म्हणाली. "आणि आवडतही नाही. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे. दिवसभर मी वाफेत उभी असते. घरी येऊन पुन्हा फोडण्या टाकायला मला जमणार नाही. मरून जाईन मी."

आता ही बाई आपल्याला चार गोष्टी सुनावणार, असं तिला वाटलं. नर्सनं मात्र पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच त्या घरातल्या खुर्चीवर बसली.

"मलाही नाही आवडत," ती म्हणाली. "दिवसभर लोकांच्या जखमा बघून घरी गेल्यावर कांदा चिरायचा? छे! पण मी तुम्हाला स्वयंपाक करायला कुठे सांगतेय? पाणी उकळता येतं ना?"

"येतं."

"मग त्यात अंडी सोडायची आणि अंघोळीला जायचं. परत येईपर्यंत झाली. घट्ट दही विकत मिळतं, त्यात शेंगदाण्याचं कूट नाहीतर दुधाची पावडर घालायची आणि चमच्यानं ढवळायचं. झालं जेवण. सूपच द्यायचंय ना? द्या. पण उकळी आली की त्यात एक अंडं फेटून धार सोडा. डब्यातला मासा असतो, डबा फोडायचा आणि पावावर पसरायचा. डाळ धुवून कुकरमध्ये टाकायची. शिट्ट्या ती मारते, आपण आडवं व्हायचं."

"आणि फोडणी?"

"मीठ, लिंबू. ज्याला फोडणी हवी त्यानं उठावं आणि द्यावी." नर्स उठली. "हरभरे, राजमा वगैरे इतक्यात नको हं, पोट फुगेल. जखम मिटल्यावर. आणि एक. हे सगळं दोघींनी खायचं. तुमचा चेहराही मला काही धड दिसत नाही."

थोरली पलंगावरून सगळं ऐकत होती. नर्स गेल्यावर ती म्हणाली, "मोठी आली शिकवणारी. असं कुठे जेवण असतं का?"

धाकटी पिशवी घेऊन बाजारात गेली.

पहिली अंडी तिनं थंड पाण्यात न टाकताच सोलायला घेतली. निम्मं पांढरं कवचाबरोबर निघून गेलं आणि उरलेलं अंडं चंद्रावरच्या खड्ड्यांसारखं दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी पाणी उकळून उकळून आटलं आणि अंडी भांड्यात नाचायला लागली, तेव्हा ती डोक्यावर पाणी ओतत होती. डाळ मात्र पहिल्याच झटक्यात जमली. कुकर बंद करून ती खरोखरच आडवी झाली, आणि शिट्टी ऐकून उठली तेव्हा आत काहीतरी मऊ, पिवळं, खाता येण्यासारखं तयार होतं. आपण त्याला हातसुद्धा लावला नाही आणि तरी ते झालं, याचं तिला एवढं नवल वाटलं की तिनं झाकण परत लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं.

थोरली खायची. पण खाताना तोंड चालण्यापेक्षा बोलणंच जास्त.

"हे जेवण आहे का दुकानाचं फडताळ?" ती विचारायची. किंवा, "वाडग्यात वाढतात ते आजाऱ्याला नाहीतर मांजराला." किंवा नुसतंच, "असू दे. तू तरी काय करणार."

हे शेवटचं वाक्य धाकटीला सगळ्यात जास्त लागायचं. वयाची पन्नाशी आली तरी त्या वाक्यापुढे ती करपलेल्या भाताशी उभी राहिलेली पोर व्हायची. तरीही ती दह्यात कूट कालवत राहिली, कारण नर्स आली की जखमेकडे पाहून "हं" म्हणायची आणि तो "हं" आता थोडा बरा वाटायला लागला होता.

मग एक संध्याकाळ आली. त्या दिवशी रूळात चादर अडकून यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्ती झाल्यावर साठलेला सगळा ढीग उपसावा लागला. धाकटी जिना चढून आली तेव्हा एकेका पायरीला कठडा धरत होती. दार उघडलं आणि फोडणीचा वास आला.

थोरली गॅससमोर उभी होती. एक हात पोटावर दाबून धरलेला, दुसऱ्या हातात डाव. ओट्यावर कांद्याची सालं, तीन भांडी, पीठ सांडलेलं. घाम कपाळावरून गालावर ओघळत होता. गाऊनच्या पुढच्या बाजूला, खाली, तांबूस ओला डाग पसरला होता.

धाकटीनं आधी गॅस बंद केला आणि मग ती ओरडली. इतक्या वर्षांत ती थोरलीवर अशी कधी ओरडली नव्हती.

"तुला माझ्या हातचं खायचंच नाही ना? सरळ सांग ना मग! जखम उसवली तरी चालेल, पण धाकटीनं केलेलं नको. एवढं वाईट करते मी?"

"अगं, तसं नाही..."

"मग कसं? रोज तू काहीतरी बोलतेस. मी ऐकून घेते. दमून येते, अंडी सोलते, ऐकून घेते. मला नाही येत तुझ्यासारखं. नाही आवड मला. तुला आहे, म्हणून प्रत्येकाला असते का?"

थोरली हळूच तिथल्या स्टुलावर बसली. डाव अजून हातातच होता. तिनं तो इकडून तिकडे फिरवला आणि खाली बघत म्हणाली,

"मला कधी होती गं आवड?"

धाकटीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"तू म्हणालीस, मला नाही येत. रडलीस. मग बाबांना जेवायला कोण घालणार होतं? मलाही तितकंच यायचं, म्हणजे काहीच नाही. मी काय आनंदानं धावले होते का? रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, आज काय करायचं. मशीनवर बसले तरी तेच, संध्याकाळी काय करायचं. शिवण किती आवडायचं मला. पण धावदोरा घालताना डोक्यात डाळ भिजत घातलीय का, हेच." ती थांबली, दम लागला होता. "तुझं बरं होतं. तुला म्हणता आलं."

"मग तू का नाही म्हणालीस? इतकी वर्षं?"

"काय म्हणायचं? तू दमून यायचीस."

"आणि रोजची ती बोलणी? फडताळ, मांजर?"

थोरलीच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण आलं. "रागच यायचा मला," ती म्हणाली. "पंधरा मिनिटांत तू वाडगा पुढे करायचीस. पोट भरायचं. जखमही सुधारत होती. मग मी जन्मभर काय केलं? असं होतं तर मला कोणी आधी सांगितलं का नाही? आज म्हटलं, उठावं, एकदा नीट करून दाखवावं. कोणाला दाखवणार होते कोण जाणे."

सांत्वनाचे शब्द धाकटीपाशी तसेही कमीच. तिनं थोरलीला धरून पलंगावर नेलं, नर्सनं दाखवल्याप्रमाणे नवी पट्टी दाबून बसवली आणि डागाळलेला गाऊन थंड पाण्यात भिजत घातला. रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं, एवढं तिला तिच्या धंद्यानं शिकवलं होतं. गाऊन चोळता चोळता मात्र एकामागून एक ताटं तिच्या डोळ्यांसमोर यायला लागली. सणावारची नव्हेत, रोजची, साधी, गरम ताटं. त्यातलं एकही तिनं कधी नीट बघून खाल्लं नव्हतं. "मीठ कमी आहे" एवढंच त्यांच्यावर तिचं भाष्य.

न्हाणीतून बाहेर येऊन तिनं विचारलं, "मग तुला खरं काय खायला आवडायचं?"

थोरलीनं डोळे मिटले होते. ते न उघडताच ती म्हणाली, "उकडलेलं अंडं. मीठ-मिरी लावून. तू कामावर गेलीस की कधीकधी खायचे मी, ओट्याशी उभ्याउभ्या. भांडंसुद्धा लागायचं नाही. पण तुला ते कसं वाढणार? माणूस कामावरून येतं, त्याला ताट नको का?"

धाकटीला हसू आलं, आणि हसतानाच तिचे पाय इतके दुखले की तिनं जमिनीवरच बैठक मारली. गॅसवर अर्धवट राहिलेलं होतं ते त्या रात्री दोघींनी खाल्लं. मीठ खरोखरच कमी होतं. दोघींनाही ते जाणवलं, आणि कोणीच बोललं नाही.

नर्सनं दुसऱ्या दिवशी पट्टी उघडून दोघींना फैलावर घेतलं. एक टोक पुन्हा उघडलं होतं. म्हणजे मागचे दोन आठवडे पाण्यात. थोरलीनं मान खाली घालून सगळं ऐकलं.

त्यानंतर मात्र घरातलं खाणं म्हणजे कोणा एकीची परीक्षा राहिली नाही. अंडी धाकटी उकडायची आणि थोरली पलंगावर बसून सोलायची. शिलाईची बोटं ती. कवच अखंड फितीसारखं निघायचं. दूध पावडर दह्यात घातली की गुठळ्या होतात, आधी चमचाभर कोमट पाण्यात कालवावी, हे थोरलीनं बसल्याबसल्या शोधून काढलं. धाकटीनं शोधून काढलं की रविवारी एकदाच डाळ शिजवून बर्फाच्या कप्प्यात वाडग्यावाडग्यानं ठेवली तर आठवड्यात कुकर धुवायचाच नाही. चांगलं लागायचं का? काही दिवस बरं लागायचं. काही दिवस तर इतका कंटाळा यायचा की दोघी चमचा वाडग्यात फिरवत बसायच्या. मासा पावावर पसरलेला आणि त्याकडे बघवत नाही, असंही व्हायचं. तेव्हा थोरली म्हणायची, "औषध समज आणि गिळ," आणि धाकटी गिळायची. तिची अंधारी मात्र पुन्हा आली नाही. लाँड्रीत ती डब्यात दोन अंडी नेऊ लागली. जोडीदारणीनं एकदा मागून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची घेऊन आली.

जखम मिटेपर्यंत पावसाळा सरला. मिटली तरी पोट पूर्वीसारखं झालं नाही. डॉक्टरांनी पट्टा बांधायला सांगितला आणि जड उचलायला कायमची मनाई केली. थोरली मशीनवर बसायला लागली, पण अर्धा दिवसच. धाकटीच्या कामातही काही फरक पडला नाही. रूळ तेवढाच तापायचा, ढीग तेवढाच असायचा.

अशातच त्यांची आत्या भेटायला आली. वयानं खूप मोठी, कानानं कमी आणि जिभेनं तिखट. थोरलीला खाली-वर न्याहाळून म्हणाली, "चला, उठलीस एकदाची. आता या धाकटीला चार घास चांगलेचुंगले मिळतील. कशी काडी झालीय बिचारी. काय करतेयस आज?"

धाकटीनं सवयीनं थोरलीकडे पाहिलं. थोरली शिवणात होती. तिनं धागा दातानं तोडला.

"काही नाही, आत्या," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही!" थोरली मोठ्यानं म्हणाली. "स्वयंपाक बंद झालाय या घरात."

"म्हणजे? उपाशी राहता?"

"नाही हो. जेवतो. स्वयंपाक करत नाही."

आत्याला हे काही केल्या उलगडेना. कोणी बाई लावली आहे का, डबा येतो का, देवाचं काही व्रत घेतलंय का, सगळं विचारून झालं. मग धाकटीनं तिच्यापुढे वाडगा ठेवला. हरभरे आता चालत होते. रात्री भिजवून, कुकरमध्ये शिजवून, दह्यात घातलेले, वर अंड्याच्या फोडी आणि लिंबू. आत्यानं वाडगा नाकापर्यंत नेला.

"मला भूक नाही फारशी," ती म्हणाली.

मग ती गावभरच्या नातेवाइकांची खबरबात देत राहिली. कोण आजारी, कोण कोणाशी बोलत नाही. बोलता बोलता चमचा चालत होता. तळ दिसला तेव्हा तिनं वाडग्यात वाकून पाहिलं, जणू कोणी दुसऱ्यानंच खाल्लंय.

"मऊ आहे," ती म्हणाली. "मला दात नाहीत, म्हणून बरं. पण याला जेवण म्हणायचं नाही हं."

"नका म्हणू," थोरली म्हणाली. "अजून देऊ?"

आत्या वाडगा पुढे करून बसली.

तिला बसमध्ये बसवून धाकटी परत आली तेव्हा उजेड उतरला होता. तिनं तीन वाडगे आणि तीन चमचे विसळले, तेवढंच होतं. थोरली पट्टा सैल करून पलंगावर टेकली होती आणि कोणाच्या तरी पॅंटच्या उंचीची टाचणीनं खूण करत होती. धाकटी तिच्या पायथ्याशी बसली, आणि बसल्याबसल्याच तिची मान कलली. थोरलीनं टाचण्या डबीत टाकल्या, पाय जरासे आखडून घेतले आणि तिला आडवं व्हायला जागा करून दिली.